भागोजीची पहिली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे. ग्रामोफोनवर वाजते ती. काळी, गोल आणि भाकरीएवढी. माझ्या अंगभर केसासारख्या बारीक रेघा आहेत आणि त्या रेघांमध्ये एका माणसाचे वाजवणे साठवलेले आहे. मधोमध लाल कागद चिकटवलेला आहे. त्यावरची सोनेरी अक्षरे आता पुसट झाली आहेत, पण उजेडात तिरपे धरले तर अजून वाचता येतात : ‘मास्टर बी. डी. – व्हायब्राफोन’.

मित्रांनो, हे मास्टर बी. डी. कोणी गोरे साहेब नव्हते. तो होता आपल्या रत्नागिरीकडचा भागोजी धोंडू. मी त्याची पहिली तबकडी.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना खाडीच्या काठाला त्याचे गाव होते. गाव खाली माडांच्या सावलीत, आणि भागोजीची वाडी वर, उघड्या कातळाच्या कडेला. वाडीतल्या माणसांनी गावाच्या विहिरीवर जायचे नाही, देवळाची पायरी चढायची नाही आणि खोतांच्या घरी काम असले तर गडग्याच्या बाहेर उभे राहून हाक मारायची, असा तेव्हा रिवाज होता. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली कमरेएवढी भिंत. भागोजीचा बाप धोंडू शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवायचा. पालखी गावात शिरली की तो वेशीवरच थांबायचा. ढोलाचा आवाज मात्र आत जायचा.

बाप गेल्यावर भागोजी पलटणीच्या बँडमध्ये भरती झाला. ही गोष्ट एकोणीसशे पंचविसाच्या आसपासची. बँडमध्ये त्याच्या हाती धातूच्या पट्ट्यांचे एक लहानसे वाद्य आले. मोगरीने ठोकायचे आणि चालत चालत वाजवायचे. पलटणीतून सुटल्यावर तो मुंबईला गेला आणि एका मोठ्या हॉटेलात सबॅस्टियन मास्तरांच्या बँडमध्ये लागला. मास्तर गोव्याचे. त्यांच्याकडे नुकतेच बोटीने एक नवे वाद्य आले होते, व्हायब्राफोन. टेबलाएवढी चौकट, तिच्यावर चकचकीत पट्ट्या, पट्ट्यांखाली लांब नळ्या आणि नळ्यांच्या तोंडाशी विजेवर फिरणारी छोटी छोटी पाती. पट्टीवर मऊ मोगरी पडली की सूर उठायचा आणि विझण्याऐवजी थरथरत राहायचा, विहिरीत डोकावून हाक मारावी तसा. बँडमधल्या कोणालाही ते धड वाजवता येईना. भागोजीने दोन्ही हातांत मोगऱ्या घेतल्या आणि महिन्याभरात ते वाद्य त्याचे झाले.

तो बँड जॅझ वाजवायचा. जॅझ म्हणजे काय, असे विचाराल तर मला येते तेवढे सांगते. आधी सगळ्यांनी मिळून ठरलेली चाल वाजवायची. मग एकेकाने पुढे यायचे आणि आपल्या मनाने वाट काढत जायचे. बाकीच्यांनी त्याला सांभाळून न्यायचे. तो कुठे जाणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते, त्यालासुद्धा.

माझा जन्म झाला त्या दिवशी मुंबईत भयंकर उकाडा होता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत रस्त्यावरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले होते आणि पंखेही बंद होते. सबॅस्टियन मास्तरांनीच कंपनीच्या मालकाला गळ घातली होती, “एक तबकडी ह्या माणसाच्या नावावर काढा. नाही खपली तर मला सांगा.” भागोजीच्या तळहातांना घाम सुटला होता. त्याची पाळी आली तेव्हा ठरवलेले सगळे तो विसरला. क्षणभर नुसती शांतता झाली. मग त्याने भलत्याच पट्टीवर मोगरी ठेवली आणि तिथून तो निघाला तो असा निघाला, की मागे पियानो वाजवणारा “हो! हो!” असे ओरडला. ते ओरडणे माझ्या अंगावर आजही आहे. कान देऊन ऐकलेत तर सापडेल.

मेणावर उमटलेल्या त्या रेघांवरून साचा झाला. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या गरम लगद्यावर तो दाबला गेला आणि मी व माझ्या बहिणी जन्मलो. माझी एक बाजू नाचाची, भरधाव आहे. दुसरी संथ आहे.

भागोजीच्या वाट्याला एक तबकडी आली. ती त्याने आईसाठी गावी जाणाऱ्या माणसाबरोबर धाडली, पण बोटीवरच्या दाटीत कोणाच्या तरी ट्रंकेखाली सापडून तिचा चुरा झाला. मला दुकानातून विकत घेतले ते एका निराळ्याच माणसाने. योगायोग असा, की तो भागोजीच्याच गावच्या खोतांचा मुलगा होता. मुंबईत वकिलीचा अभ्यास करत होता. बंद केली की ट्रंकेसारखी दिसणारी ग्रामोफोनची एक पेटी आणि सात-आठ तबकड्या घेऊन तो सुट्टीला घरी आला. लाल कागदावरचे नाव वाचून त्याला वाटले, हा कोणी पारशी असावा.

सुट्टी संपल्यावर तो परत गेला, पेटी आणि आम्ही मागे राहिलो, आणि खोतांच्या ओटीवर माझे दिवस सुरू झाले. खोतांना सगळे दादा म्हणत. दादांना नाटकातली पदे आवडायची. मला वाजवायच्या त्या आनंदीबाई. या दादांच्या धाकट्या बहीण. लहानपणी लग्न झाले, लहानपणीच नवरा गेला, तेव्हापासून त्या माहेरीच होत्या. अंगावर लाल आलवण, डोईवर केस नाहीत, आणि दिवसभर घरातली न संपणारी कामे. गाव त्यांना आक्का म्हणे. दुपारी सगळे झोपले की त्या ओटीवर यायच्या, पेटीला चावी द्यायच्या आणि माझी भरधाव बाजू लावायच्या. पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्या खुदकन हसल्या आणि लगेच कोणी पाहिले का म्हणून त्यांनी मागे वळून पाहिले. पुढेपुढे त्यांची बोटे जमिनीवर ताल धरू लागली.

एकदा शिमग्याच्या दिवसांत त्या अशाच ऐकत बसल्या होत्या. गडग्यापलीकडे एक माणूस उभा असलेला त्यांना दिसला. अंगात कोट, पायात बूट. त्याचे दोन्ही हात हवेत हलत होते. आनंदीबाई बघत राहिल्या. माझ्यातला सूर वर गेला की त्याचा हात वर जायचा, आणि तोही किंचित आधी.

“कोण रे तू?” त्यांनी विचारले.

“मी भागोजी, आक्का. धोंडूचा.”

“तुला हे ठाऊक आहे वाटतं?”

तो जरा लाजला. “हे मीच वाजवलंय.”

आनंदीबाईंनी मला थांबवले, उचलले आणि लाल कागद वाचला. बी. म्हणजे भागोजी. डी. म्हणजे धोंडू. तेवढ्यात आवाजाने जागे झालेले दादा बाहेर आले. सगळे ऐकल्यावर त्यांना खरेच आनंद झाला.

“अरे, आपल्या धोंडूचा तू? शाबास! गावाचं नाव काढलंस!”

“तुझ्या आईने ऐकलं का हे?” आनंदीबाईंनी विचारले.

“नाही, आक्का. पाठवलेली तबकडी वाटेतच फुटली. आणि वाडीत यंत्र कुठलं?”

“त्यात काय आहे?” दादा म्हणाले. “उद्या दुपारी घेऊन ये तिला. ह्या गडग्यापाशी उभी राहू दे. आम्ही यंत्र ओटीच्या कडेला आणून ठेवतो. हवं तितका वेळ ऐकू दे म्हातारीला.”

दादांच्या मनात काही वाईट नव्हते. आपण मोठ्या मनाने वागत आहोत, असेच त्यांना वाटत होते. भागोजीही आनंदाने गेला.

दुसऱ्या दिवशी मला ओटीच्या कडेला ठेवले. पण भागोजी आला तो एकटाच.

“आये येत नाय म्हणते,” तो खाली बघत म्हणाला.

“बरं नाही का तिला?”

“बरी आहे.” मग त्याने मान वर केली. “म्हणते, पोराचं वाजवणं मी गडग्याबाहेर उभी राहून ऐकायची नाय.”

दादांचा चेहरा उतरला. मग लाल झाला. “नसेल यायचं तर राहिलं! आम्ही काय पाया पडतोय? उचला ते यंत्र.”

त्यानंतरच्या दुपारी आनंदीबाई ओटीवर येत, पेटी उघडत आणि तशाच बसून राहत. मला हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. भागोजीची रजा संपत आली होती. बोटीचा दिवस जवळ आला. एके दुपारी त्यांनी मला फडक्यात गुंडाळले, पेटी बंद केली आणि गड्याला म्हणाल्या, “हे वाडीवर न्यायचंय.” गडी दोन पावले मागे सरकला. मग आनंदीबाईंनीच पेटी उचलून डोक्यावर घेतली, मला काखेत धरले आणि गडगा ओलांडून चालू लागल्या. भर उन्हात कातळ तव्यासारखा तापला होता आणि त्या अनवाणी होत्या. वाटेत दोन ठिकाणी त्यांनी पेटी खाली ठेवली, पाय पदराने पुसले आणि पुन्हा उचलली.

भागोजीची आई गोदाबाई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होत्या. हाडापेराने मोठ्या, शब्दाला तुटक. खोतांची बहीण वाडीत आलेली पाहून शेजारची दारे उघडली. गोदाबाई उठून उभ्या राहिल्या.

“कोनी पाठवलं?”

“कोणी नाही. मीच आले. तुला भागोजीचं वाजवणं ऐकवायला.”

“हितं अंगनात वाजवून जानार?”

“तू म्हणशील तिथं.”

गोदाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. “मंग घरात या.”

दार ठेंगणे होते. आनंदीबाई वाकून आत गेल्या आणि सारवलेल्या जमिनीवर बसल्या. गोदाबाईंनी गुळाचा खडा आणि पाण्याने भरलेला तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. भागोजी घाबरला.

“आये, राहू दे गं. त्या कशा…”

“तू गप. माझ्या घरात आल्यागेल्याला पानी दिल्याबिगर काय व्हत नाय. आधी पानी. मंग वाजवनं.”

दाराशी जमलेली माणसे वाकून आत बघत होती. मी फडक्यात होते, पण मलाही कळत होते की आता माझे वाजणे त्या तांब्यावर येऊन थांबले आहे. आनंदीबाईंनी गूळ तोंडात टाकला. तांब्या उचलला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “ऊन फार आहे गं. आणखी थोडं मिळेल?”

गोदाबाई पाणी आणायला आत वळल्या. त्या जरा उशिरानेच बाहेर आल्या, आणि आल्या तेव्हा त्यांचे डोळे पुसलेले होते.

मग मी वाजले. मित्रांनो, मी खूप ठिकाणी वाजले आहे, पण त्या दुपारसारखी कधी वाजले नाही. गोदाबाई ग्रामोफोनकडे बघत नव्हत्या. भागोजीच्या हातांकडे बघत होत्या. माझी भरधाव बाजू संपली तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही.

“हा येवढा गलबला कोनाचा?” शेवटी त्यांनी विचारले.

“आमचा बँड हाय, आये. सगळी मिळून वाजवतो. मधी तो टणटण आवाज येतो ना, तो माझा.”

“कोन कोन हायत?”

“सबॅस्टियन मास्तर, गोव्याचे. एक पारशी हाय. एक अँग्लो-इंडियन. एक मुसलमान.”

“जेवता कुठं?”

भागोजीला हा प्रश्न कळेना. “हाटेलाच्या मागं खोली हाय. तिथं.”

“तुला येगळं वाढतात?”

“नाय गं आये. एकच टेबल असतं. सबॅस्टियन मास्तर तर माझ्या ताटातली तळलेली तुकडी उचलून खातो. किती येळा भांडलो मी त्याच्याशी.”

गोदाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले, अगदी लहान मुलीसारखे.

“लाव परत,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी आनंदीबाई घरी परतल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. दादा पायरीवर उभे होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता.

“आनंदी, तू तिथे पाणी प्यायलीस?”

“प्यायले, दादा. दोन तांबे.”

“ते यंत्र आणि ती तबकडी आता घरात यायची नाही. तू आंघोळ कर. उद्या भटजींना बोलावतो, प्रायश्चित्त घे आणि विषय संपव.”

आनंदीबाईंनी पेटी अंगणात टेकवली. “दादा, काही घाण झालं असतं तर धुतलं असतं. मी पाणी प्यायले. ते कसं धुऊ?”

“मग तू बाहेरच राहणार का?”

“यंत्र बाहेर राहणार असेल तर मीही राहते.”

दादांना वाटले, एक-दोन दिवसांत राग ओसरेल. आनंदीबाईंनाही कदाचित तसेच वाटले असेल. कलमांच्या बागेत घराचा एक मांगर होता. मांगर म्हणजे बागेतली राखणीची झोपडी. त्या तिथे गेल्या आणि परत आल्याच नाहीत. दादा महिन्याच्या महिन्याला गड्याबरोबर तांदूळ आणि नारळ पाठवत. स्वतः मात्र एकदाही आले नाहीत. कधी बागेत काम निघाले तर लांबून फेरा घालून जात. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटते. नाटकातल्या पदांइतकीच माझी संथ बाजूही त्यांना आवडू लागली होती, हे मी पाहिले होते.

मित्रांनो, घरातून बाहेर टाकलेल्या वस्तूला वाटते की आपले दिवस संपले. माझे तर तिथे सुरू झाले! मांगराला धड दार नव्हते. पावसाळ्यात छपरातून पाणी गळे आणि मला इकडून तिकडे हलवावे लागे. अशाच एका गडबडीत जात्याच्या दगडावर आपटून माझ्या कडेचा टवका उडाला. पण गोदाबाई दुपारच्या कामातून मोकळ्या झाल्या की तिथे यायच्या. सुरुवातीला आनंदीबाई त्यांना ‘गोदे’ म्हणत. मग कधीतरी ‘गोदाबाई’ म्हणू लागल्या. दोघी एका चटईवर बसून चिंचा फोडायच्या आणि मी वाजायचे. वाडीतल्या बायका यायच्या. गावातल्या एक-दोघी आधी पाणी भरायच्या निमित्ताने चोरून यायच्या, मग उघड येऊ लागल्या.

वाळीत पडलेल्या बाईच्या दाराशी न्हावीही येईनासा झाला. आनंदीबाईंच्या डोक्यावर केस वाढू लागले. पांढरे आणि मऊ, सावरीच्या कापसासारखे. गोदाबाई त्यांना खोबरेल लावून द्यायच्या आणि म्हणायच्या, “बरं झालं बाय, तो मेला येत नाय ते.”

ग्रामोफोनच्या सुया भागोजी मुंबईहून पाठवायचा. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की सुया संपायच्या. मग आनंदीबाईंनी करवंदीचा काटा लावून पाहिला. काट्याने माझा आवाज बारीक झाला, पण गोड लागला. दूरवरून कोणी वाजवत येत आहे असा. लोखंडी सुईने माझे अंग झिजायचे. काट्याने झिजले नाही. आज मी थोडीफार वाजते आहे ती त्या करवंदीच्या काट्यांमुळे.

अशी तीन वर्षे गेली. एकोणचाळीस सालच्या शिमग्याला भागोजी पुन्हा गावी आला. मध्ये त्याच्या आणखी दोन तबकड्या निघाल्या होत्या, त्या त्याने बरोबर आणल्या. त्यांचे आवाज स्वच्छ होते आणि चुका कमी होत्या. गोदाबाईंनी त्या नीट ऐकून घेतल्या, “बऱ्या हायत,” म्हणाल्या, आणि मला लावायला सांगितले.

मी तोवर म्हातारी झाले होते. माझ्यातून पावसासारखी खरखर येत होती आणि टवक्यापाशी प्रत्येक फेरीला टक् व्हायचे. भागोजीला माझा आवाज ऐकवेना. तो चुळबुळ करू लागला. आनंदीबाईंच्या बाजूला बसून त्याने समजवायला सुरुवात केली, “आक्का, हितं बघा, हितं मी चुकलो होतो. ठरवलेलं सगळं विसरलो. खरं तर मला सुरुवात करायची होती ती…”

गोदाबाईंनी त्याच्या मांडीवर चापट मारली.

“गप रं!” त्या ओरडल्या. “भागोजी वाजवतोय. ऐकू दे!”

आनंदीबाईंना इतके हसू आले की त्यांना पदर तोंडाशी धरावा लागला. भागोजी मान खाली घालून गप्प बसला, आणि आईशेजारी बसून त्याने मला शेवटपर्यंत ऐकले.

आता त्यातले कोणी नाही. भागोजीच्या नातीच्या घरी कपाटात, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मला जपून ठेवले आहे. ती मला उन्हात ठेवत नाही, आडवी दाबून ठेवत नाही, धूळ मऊ फडक्याने पुसते. मी तिची ऋणी आहे. तुमच्याही घरात अशी एखादी जुनी तबकडी असेल, तर मित्रांनो, तिला अशीच जपा. पण माझे एक मागणे आहे. नुसती जपू नका. कधीतरी तिला कपाटातून काढा, शेजारच्यांना घरात बोलवा, चटईवर जवळ बसवा, आधी पाणी द्या आणि मग तिला लावा. आणि ती वाजत असताना मध्येच कोणी बोलू लागला, तर तो स्वतः वाजवणारा असला तरी, त्याला गप्प बसवायला विसरू नका.